पट्ट्यातली साठ मिनिटं

पहिल्या दिवशी पद्मावतीने फक्त पाच मिनिटं घेतली.

सकाळचे सहा वाजले होते. आतल्या खोलीत तिचे यजमान, श्रीपाल मगदूम, जागे होऊन छताकडे बघत पडले होते. उठा म्हटल्याशिवाय ते उठणार नव्हते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडी होती आणि चहा निवत चालला होता. पद्मावतीने फडताळातून तो राखाडी पट्टा काढला, शाळेतल्या मुली केसांना लावतात तसा डोक्यावर बसवला आणि बाजूचं बटण दोनदा दाबलं. एकदा दाबलं की पट्टा श्रीपालांच्या डोक्यासाठी चालायचा, दोनदा दाबलं की तिच्या.

अंगावर शहारा आला नाही की डोळ्यांपुढे काही चमकलं नाही. थोड्या वेळाने तिच्या एवढंच ध्यानात आलं, की आपण लिहितो आहोत.

पाच मिनिटांनी तिने पट्टा काढला, पण हात थांबला नाही. सातला दुधाच्या गाडीचा भोंगा वाजला तेव्हा साडेतीन पानं झाली होती. गेल्या सहा वर्षांत या टेबलाशी एका बैठकीला साडेतीन पानं कधी झाली नव्हती. ती उठली, पट्टा पुसून जागेवर ठेवला आणि नवऱ्याला उठवायला गेली. त्या दिवशी श्रीपालांना साठ मिनिटांऐवजी पंचावन्न मिनिटं मिळाली. तिने ते त्यांना सांगितलं नाही.

श्रीपालांनी बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली होती, त्यातली बरीचशी कृष्णेची पातळी मोजण्यात. पावसाळ्यात निम्मी मिरज त्यांनाच फोन करायची. नुसता आकडा सांगून ते कधी थांबले नाहीत. वरच्या धरणातून किती सोडलंय, ते पाणी कुठल्या पुलाला कधी लागेल, आणि मागे एकदा असंच झालं होतं तेव्हा कुणाच्या गोठ्यात मगर निघाली होती, हे सगळं ऐकल्याशिवाय सुटका नसे. पद्मावती म्हणायची, ह्यांच्या तोंडाला दरवाजे बसवायचे राहून गेले.

दोन वर्षांपूर्वी दुपारी जेवताना त्यांच्या मेंदूत दोन गुठळ्या अडकल्या. तुरीच्या डाळीएवढ्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, अगदी तळाशी. हात वाचले, पाय वाचले, वाचाही वाचली. विचारलं की उत्तर देत आणि उत्तर बरोबर असे. पण आपणहून काही करणं संपलं. भरल्या ताटासमोर ते बसून राहत. जेवा म्हटलं की जेवत. एकदा न्हाणीत पाणी घ्या म्हणून सांगून पद्मावती दार उघडायला गेली. कुरिअरवाल्याने पत्त्यावरून घोळ घातला, त्यात पाऊण तास गेला. परत आली तेव्हा श्रीपाल हातात भरलेला तांब्या धरून तसेच बसले होते. अंगावर काटा आलेला, ओठ निळे पडलेले.

"अहो, हाक का नाही मारलीत?"

"सुचलं नाही," ते म्हणाले.

"थंडी नाही वाजली?"

"वाजली की."

त्यांना मिरजेतच मेंदूचं मोठं रुग्णालय मिळालं आणि तिथे डॉक्टर म्हणून निलोफर मुजावर भेटली. पद्मावती शाळेत शिकवायची तेव्हा नववीत तिच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची ती. पद्मावतीला ती अजून बाईच म्हणायची.

"बाई, आपल्याला वाटतं, ठरवलं की झालं," निलोफरने कागदावर मेंदूचं चित्र काढत समजावलं होतं. "पण ठरवणं वेगळं आणि सुरू करणं वेगळं. प्रत्येक कामाआधी मेंदू तोलून बघतो. यातून मिळणार काय आणि जीव किती शिणणार. मिळणारं पारडं खाली गेलं, की तळाशी पेशींचा एक पुंजका आहे, तो 'चल' म्हणतो. मग हात उचलतो. काकांचा तो पुंजका जखमी झालाय. मेलेला नाही. पुटपुटतो, पण पुढे कुणाला ऐकू जात नाही."

"मग मी सांगितलं की कसे करतात?"

"दुसऱ्याचं ऐकून करायची वाट निराळी आहे. ती शाबूत आहे."

नव्या उपचाराची चाचणी तेव्हा सुरू होत होती. पट्टा दोन्ही कानशिलांतून ध्वनीच्या लाटा आत सोडायचा, कानाला ऐकू न येणाऱ्या. एकटी लाट मेंदूला काहीच करत नाही. पण तळ्यात दोन बाजूंनी दोन खडे टाकले तर लाटा जिथे भेटतात तिथेच पाणी उसळतं. ती भेट नेमक्या त्या पुंजक्यावर घडवून आणायची, म्हणजे पेशी जाग्या होतात. प्रत्येक डोक्याचा नकाशा वेगळा, तो आधी काढून पट्ट्यात भरावा लागे. आणि दिवसाला साठ मिनिटं, त्यापुढे नाही. आतले स्फटिक तापले की पट्टा आपोआप बंद व्हायचा, तो पहाटे पाचलाच पुन्हा चालायचा. डोकं कुणाचंही असो, मिनिटं पट्ट्याची होती.

पहिल्यांदा पट्टा लावला तेव्हा श्रीपाल खुर्चीत बसले होते. तीन मिनिटं काहीच झालं नाही. मग ते भिंतीकडे बघत म्हणाले, "पद्मा, हे कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे." आणि उठून त्यांनी पान उलटलं. पद्मावती स्वयंपाकघरात जाऊन रडून आली.

तेव्हापासून सकाळी नऊ ते दहा हा श्रीपालांचा तास झाला. ते स्वतः दाढी करत, पेपर मोठ्याने वाचत, बातमीशी भांडत, गच्चीवर जाऊन नदीच्या बाजूला बघून येत. दहाला पट्ट्यावरचा हिरवा दिवा पिवळा व्हायचा. मग ते चाललेलं वाक्य संपवायचे आणि गप्प व्हायचे.

उरलेल्या तेवीस तासांत दोन माणसांचं 'चल' पद्मावतीलाच म्हणावं लागे. उठा. तोंड धुवा. घास घ्या. चावा. आता झोपा. दिवसाअखेर तिच्याकडे स्वतःसाठी एक 'चल' उरत नसे.

आणि तिला तर कादंबरी लिहायची होती. तिची आई तारक्का निपाणीला तंबाखूच्या वखारीत एकतीस वर्षं राबली होती. तिच्याबद्दल, तिच्या मैत्रिणींबद्दल पद्मावतीने सात वह्या टिपणं काढली होती. दिवाळी अंकांतून तिच्या पंधरा-वीस कथा आलेल्या. कोल्हापूरचे एक प्रकाशक दर पाडव्याला फोन करून विचारायचे. ती रोज सहाला टेबलाशी बसायची. मग टेबल पुसायची. मग पेनातली शाई बघायची. मग डाळ भिजत घालायचं आठवायचं. विषय सांगितला की पुस्तक लिहून देणारी यंत्रं आता शाळेतल्या पोरांकडेही होती. एकदा दमून तिने तेही करून पाहिलं. दोनशे पानं चहा उकळेपर्यंत आली. त्यांत तिला आपली आई कुठेच भेटली नाही.

चाचणीत निरोगी जोडीदारांचीही तुलना व्हायची. म्हणून पद्मावतीच्या डोक्याचा नकाशा काढला गेला आणि आठवडाभर रोज तिलाही पट्टा लावून पडद्यावरची बटणं दाबायला लावली. मधल्या सुटीत तिने पिशवीतली वही काढली. आठवड्यात सव्वीस पानं झाली. पट्टा घरी देताना निलोफर म्हणाली होती, "महिन्यातून एकदा तुमची चाचणी घ्यायचीय, म्हणून तुमचा नकाशा आतच ठेवते. एरवी तुम्ही घालायचा नाही हं, बाई."

"छे गं," पद्मावती म्हणाली होती.

पाचाची दहा मिनिटं झाली, दहाची पंधरा. प्रत्येक वेळी तिच्याकडे कारण होतं. श्रीपालांना दाढीला तशीही दहा मिनिटं लागतात, ती आपण करून देऊ. पेपर काय, आपण वाचून दाखवू. कादंबरी पुढे सरकत होती. वखार उभी राहिली, बायका बोलायला लागल्या, मुकादम आला. शंभर पानं झाली, दीडशे झाली. प्रकाशकांचा फोन आला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत देते."

एक गोष्ट तिला कळत होती, पण ती तिकडे बघत नव्हती. पट्टा काढल्यावर बाकीची कामं पूर्वीपेक्षा जड झाली होती. बहिणीचा फोन वाजायचा आणि तो उचलावासा वाटायचा नाही. भाजी निवडायला घेतली की देठाशीच हात थांबायचा. तराजूचं एक पारडं कुणी बोटाने दाबून धरलं तर दुसरं वर जाणारच. श्रीपालांना घास घ्या म्हणायलाही तिला आता जोर लावावा लागे. एका दुपारी तिने ते म्हटलंच नाही. अर्धा तास दोघं नवरा-बायको दोन ताटांसमोर नुसती बसून राहिली, आणि वरण थिजलं.

त्यांचा मुलगा अभय हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात होता. दर रविवारी साडेनऊला तो भिंतीवरच्या पडद्यावर यायचा, बापाच्या तासात. त्या रविवारी पद्मावतीने सकाळी पंचवीस मिनिटं घेतली होती. मुकादमाचा प्रसंग अर्धा राहिला होता, तो तोडवला नाही. शिवाय अभय फोन करतो तो दहा-पंधरा मिनिटांचाच, म्हणून श्रीपालांना तिने पट्टा सव्वानऊला लावला.

नेमका त्या दिवशी तो उशिरा आला. श्रीपाल त्याच्याशी आधी डब्यांच्या चाकांबद्दल बोलले, मग हुबळीच्या पावसाबद्दल. मग थोडे पुढे सरकून बसले.

"अभय, तुला एक विचारायचं होतं. दोन-तीन रविवार मनात आहे. मला असं वाटतं, की तुला..."

दिवा पिवळा झाला. श्रीपाल थांबले. चेहऱ्यावर वेदना नव्हती, गोंधळ नव्हता. पुढे झुकलेलं अंग तसंच झुकलेलं राहिलं.

"काय वाटतं, पप्पा?"

"काही नाही," श्रीपाल म्हणाले.

अभयने घड्याळाकडे पाहिलं. "आई, अजून दहा नाही वाजले."

"मशीनची ताकद कमी होत चाललीय," पद्मावती म्हणाली. "डॉक्टरांना सांगायला पाहिजे."

इतकं सरळ खोटं ती मुलाशी आजवर बोलली नव्हती. ते तिला सहज जमलं याचंच तिला वाईट वाटलं. पण सोमवारी सहाला तिने पट्टा पुन्हा घातला.

मंगळवारी नऊला तिने श्रीपालांच्या डोक्यावर पट्टा बसवला. दोन-तीन मिनिटांत त्यांच्या डोळ्यांत नेहमीसारखी जाग आली. त्यांनी दाढीचं सामान मागितलं नाही, पेपरही मागितला नाही.

"पद्मा, पट्टा गरम लागतो हल्ली."

"उन्हाळा आहे."

"बत्तीस वर्षं नदीवरची पट्टी वाचली मी. कुठलं पाणी कुठून आलं ते मला कळतं. आधी कोण घालतं हा?"

पद्मावती ओट्याला टेकली. तिला वाटलं होतं, हा प्रश्न कधी आला तर आपण रडू. पण रडण्याइतकंही त्राण नव्हतं.

"मी."

"आज किती घेतलीस?"

"पंचवीस मिनिटं."

"लिहितेस?"

"हो."

"मग बरंय की," श्रीपाल म्हणाले. ते चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं. "पट्टा नसतो तेव्हा मी कुठे असतो, तुला ठाऊक आहे? कुठेच नसतो. वाईट वाटत नाही, कंटाळा येत नाही. पट्टा लागला की मग कळतं, दोन वर्षं गेली. अभयचे केस पिकले. तू वाळलीस. ही तासभराची जाग काही सोपी नाही, पद्मा. तू घे त्यातली."

"हे खरं सांगताय, की मला बरं वाटावं म्हणून?"

श्रीपालांनी बराच विचार केला. "ते मलाही नक्की नाही सांगता येत. आणि हे मी बोलतोय की पट्टा, तेही नाही."

बाहेर कुणीतरी गाडी पुसत होतं, पाण्याचा आवाज येत होता. तिला त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटला. सगळंच सोपं झालं असतं. म्हणूनच तो ठेवता येईना.

"वाचून दाखव," ते म्हणाले. "माझी मिनिटं कुठे गेली ते कळू दे."

तिने वखारीतल्या पहिल्या दिवसाचं प्रकरण वाचलं. बायका तंबाखू चाळतात, खकाणा उडतो, शिंका येतात, कुणी गाणं म्हणतं, मुकादम ओरडतो, तारक्का त्याला उलट बोलते. वाचायला वीस मिनिटं लागली. श्रीपाल डोळे मिटून ऐकत होते.

"भाषा छान आहे. कुठे अडखळायला होत नाही."

"पण?"

"तारक्का दमत नाही गं यात."

"म्हणजे?"

"तुझी आई आपल्याकडे यायची, तेव्हा आधी उंबऱ्यात बसायची. आत यायच्या अगोदर. दहा-दहा मिनिटं. मी पाणी आणलं की म्हणायची, ठेवा जावईबापू तिथंच. तांब्या हातात धरायलाही नको वाटायचं तिला. हातात नुसता कंप असायचा. ती बाई यात नाही. ही दुसरीच कोणीतरी आहे, तिला सगळं सोपं जातंय."

दुपारभर पद्मावती स्वतःचीच पानं उलटत बसली. दोनशे दहा पानं. बायका पहाटे उठत होत्या, चार मैल चालत होत्या, पोती उचलत होत्या, संप करत होत्या. एकीचाही पाय मागे ओढत नव्हता. एकीलाही एखाद्या सकाळी, आज नको, असं वाटलं नव्हतं. वाटणार कसं? लिहिणारीला ते वाटतच नव्हतं. जे वाटणं पट्ट्याने काढून टाकलं होतं तेच तिच्या आईचं निम्मं आयुष्य होतं. ते गाळून उरलेल्या बाईची कादंबरी झाली होती, आणि ती नीटनेटकी होती.

बुधवारी श्रीपालांचा तास पुरा साठ मिनिटांचा होता. पद्मावतीने पहाटे फडताळाला कुलूप घातलं होतं आणि किल्ली शेजारी देऊन आली होती. नऊला किल्ली आणून तिने पट्टा त्यांना लावला आणि सांगितलं, "निलोफरला सांगायचं म्हणते. सांगितलं तर चाचणीतून आपलं घर बाद होईल. पट्टा जाईल."

"न सांगितलं तर?"

"तर उद्या ना परवा मी पुन्हा घेईन. किल्ली दिली तरी घेईन. मला माझं माहीत आहे."

श्रीपालांनी त्या दिवशी दाढी केली. गळ्याखाली नीट वस्तरा फिरवून झाल्यावर आरशातच तिच्याकडे बघत ते म्हणाले, "सांग. पण अभयशी एकदा पुरतं बोलू दे. त्याला बोलावून घे."

निलोफरने सगळं ऐकून घेतलं. तिच्या टेबलावरच्या पडद्यावर रेघा होत्या. त्यातली एक तिने पद्मावतीकडे वळवून दाखवली.

"बटण दोनदा दाबलं की नोंद होते, बाई. मला दोन महिने माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"रोज ठरवत होते," निलोफर म्हणाली. तिने चष्मा काढून डोळे चोळले. "तुम्ही मला निबंध तपासून द्यायचात. तुम्हाला कसं विचारायचं? सुरुवातच होईना."

निलोफरलाही झोप पुरत नसावी; तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"समितीला कळवावं लागेल. सोमवारी कळवते. सोमवारपर्यंत पट्टा तुमच्याकडे. बाजारात यायला अजून पाच-सात वर्षं तरी लागतील. काकांना तेव्हा मिळेल, पण..."

"मला काय होईल?"

"दोन-तीन आठवडे खूप जड जातील. कशालाच हात लावावासा वाटणार नाही. मग हळूहळू पूर्वीसारखं."

"पूर्वी तरी कुठे वाटत होतं," पद्मावती म्हणाली, आणि दोघींना उगाचच हसू आलं.

रविवारी अभय हुबळीहून आला. नऊला पट्टा लागला आणि जाग येताच श्रीपालांनी वेळ घालवला नाही.

"तुला विचारायचं होतं ते असं. माझ्यापाशी बसायचा तुला कंटाळा येतो का? पट्टा नसताना?"

अभयने आईकडे बघितलं. पद्मावतीने मान फिरवली. उत्तर त्याचं त्यानेच द्यायचं होतं.

"येतो, पप्पा," तो म्हणाला. "दहा मिनिटांत येतो. मग मी फोन बघायला लागतो. म्हणून तर मी रविवारी याच वेळेला फोन करतो. एरवी करत नाही."

"हां," श्रीपाल म्हणाले. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. "मला वाटलं, माझाच तसा समज झालाय. आता हा तास नसेल. तर कंटाळा आला तरी ये. फोन बघ, पण इथे बसून बघ."

अभय बापाच्या गुडघ्यावर हात ठेवून बसला. मग दोघं गच्चीवर गेले. नदीकडे बोट दाखवून श्रीपाल त्याला कुठल्या तरी जुन्या पुराचं सांगत होते, ते पद्मावतीला खालून ऐकू येत होतं. ती वर गेली नाही. शेवटची आठ मिनिटं उरली तेव्हा ते खाली आले आणि अभयला म्हणाले, "जरा आईशी बोलू दे."

पद्मावती समोर बसली. आठ मिनिटं पुष्कळ होती आणि काहीच नव्हती.

"मला सांगत जा," श्रीपाल म्हणाले. "सांगितलं की मी करतो. तुला त्रास होतो ते माहीत आहे."

"आणि मला कोण सांगणार?"

"मी."

"तुम्ही कसे सांगाल? तुम्हाला सुचणार नाही."

"विचारलं की उत्तर देतो ना? मग विचारत जा. पद्माने आता काय करावं, असं विचार. मी सांगीन." ते हसले. "माझ्या तोंडाला दरवाजे नाहीत, तूच म्हणायचीस."

दिवा पिवळा झाला तेव्हा तिने त्यांचा हात धरलेला होता. तो हात तिच्या हातात तसाच राहिला. तिने सोडा म्हटल्यावर त्यांनी सोडला.

पुढचे तीन आठवडे निलोफरने सांगितलं होतं त्याहून वाईट गेले. गॅस पेटवायला उभं राहायचं आणि काडी हातात धरून तसंच थांबायचं. अंथरुणाच्या घड्या नाहीत, केस विंचरणं नाही. शेजारच्या बाईंनी दोन वेळचे डबे दिले म्हणून जेवण झालं. आपल्या यजमानांना आतून कसं वाटत असेल ते पद्मावतीला त्या दिवसांत पहिल्यांदा कळलं. फरक एवढाच, की तिला वाईट वाटत होतं.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी तिने श्रीपालांना खुर्चीत बसवलं, स्वतः टेबलाशी बसली आणि विचारलं, "अहो, मी आता काय करू?"

श्रीपालांनी तिच्याकडे पाहिलं. "लिही."

त्यात प्रेम नव्हतं की आग्रह नव्हता. वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं ते बोलले. पण कुणीतरी सांगितलं होतं. तिने पेन उचललं. चार ओळी झाल्या, त्यांतल्या दोन खोडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा "लिही." पाच ओळी. कधी अर्धं पान, कधी नुसतीच तारीख. दोनशे दहा पानं तिने दोरीने बांधून माळ्यावर टाकली. नव्या वहीत तारक्का पहिल्या पानभर उंबऱ्यात बसून होती. उठावं असं तिच्या मनात येत होतं आणि ती उठत नव्हती. एवढंच लिहायला अकरा दिवस लागले. प्रकाशकांना पद्मावतीने फोन करून सांगितलं, दिवाळीचं काही खरं नाही. ते जरा नाराज झाले.

अभय महिन्यातून दोनदा यायचा. बापाशेजारी बसून फोन बघायचा.

आषाढ निम्मा सरला तरी पाऊस दडून होता, हवा नुसती कोंदली होती. त्या दिवशी सकाळपासून श्रीपालांचं पोट बिघडलं. तीनदा कपडे बदलावे लागले, दोनदा चादर धुवावी लागली, मोरी घासावी लागली. जेवणं होईतो तीन वाजले. पद्मावतीच्या पाठीत कळ भरली होती, बोटं साबणाने पांढरी पडली होती. तरी ती टेबलाशी येऊन बसली. आजचं राहिलं तर उद्याचंही राहील, ही भीती आता तिच्या अंगात मुरली होती.

"मी आता काय करू?" तिने विचारलं. मान वर करून बघितलंही नाही. पेनाचं टोपण काढायला घेतलं होतं.

उत्तर आलं नाही. एरवी ते लगेच यायचं. तिने वळून पाहिलं. श्रीपाल तिच्याकडे बघत होते. तिच्या हाताकडे, मग तिच्या चेहऱ्याकडे.

"आज नको," ते म्हणाले. "पड जरा."

पद्मावतीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. दुसऱ्यांदा विचारलं आणि ते "लिही" म्हणाले तर ते ऐकायचं बळ आज नव्हतं. तिने टोपण परत लावलं. चटई काढायला फडताळापर्यंत जावं लागलं असतं, म्हणून ती तिथेच, त्यांच्या खुर्चीपाशी, थंड फरशीवर हात उशाला घेऊन आडवी झाली. तिच्या कपाळावर, मानेवर घामाच्या धारा होत्या. पदराने पुसाव्यात असं मनात आलं आणि ते तसंच राहिलं.

झोप लागता लागता तिला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावलं, संथ, एकेक. मग भिंतीवरच्या बटणाचा खटका. वर पंखा घरघरला आणि हळूहळू वारा अंगावर यायला लागला.

डोळे उघडून बघायला हवं होतं. पण तेवढंही त्राण तिच्यात नव्हतं, आणि ती झोपून गेली.